किनाऱ्यावर आणि बोटीवर चालणारा एकच जिगिंग रॉड: तीन-चार हजारांत काय घ्यावं

नाशिकला समुद्र नाही, पण समुद्रावर गळ टाकायची हौस नाशिककरांना भरपूर आहे. एरवी गंगापूर, दारणा, मुकणे नाहीतर वैतरणेच्या पाण्यावर मरळीच्या मागे असणारी मंडळी दिवाळीनंतर डहाणू-पालघरला जातात, कोणी हर्णै गाठतं, कोणी थेट मालवण. जाण्याआधी फोन येतो आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "जिगिंगसाठी एक रॉड सांग. किनाऱ्यावरून चालला पाहिजे, बोटीवर पण चालला पाहिजे, आणि तीन-चार हजारांच्या वर जायचं नाही."

असा रॉड मिळतो. सात ते आठ फुटांचा, दोन तुकड्यांचा, स्पिनिंग रिळासाठी (दांड्याखाली लटकणाऱ्या रिळासाठी) बनवलेला, २० ते ६० ग्रॅमची जिग, म्हणजे धातूचं नकली आमिष, फेकणारा आणि पीई १ ते २.५ जाडीची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी झेलणारा. एवढी ओळ लिहून घेतलीत तरी निम्मं काम होईल. पण बाजारात याच वर्णनाखाली दहा प्रकारचा माल विकला जातो. त्यातला कुठला आपल्या उपयोगाचा आणि कुठला पहिल्याच सहलीत दगा देणारा, हे ओळखायचं तर या आकड्यांमागचं कारण कळायला हवं. माझं सांगणं थोडक्यात असं आहे की आधी जिगचं वजन ठरवा. रॉडची लांबी, ताकद, दोरी, रीळ सगळं त्या एका आकड्यामागून येतं. लोक उलट करतात. आधी रॉड घेतात, मग त्याला काय चालेल ते विचारतात.

जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा तुकडा. बहुतेक जिग शिशाच्या असतात, वरून चमकदार मुलामा आणि आतून आरपार गेलेली तार. गांडूळ किंवा कोळंबी लावून बसलं की आमिषाचा वास आणि हालचाल आपोआप काम करते, रॉड नुसता स्टँडवर उभा असला तरी चालतं. जिगला यातलं काही नाही. ती पाण्यात टाकली की दगडासारखी तळाला जाते. तिला जिवंत करतो तो रॉड: टोकाने दिलेला झटका, मग ढिली सोडलेली दोरी, तिरपी होत खाली पडणारी जिग, आणि बहुतेक वेळा त्या पडण्यातच माशाचा घास. म्हणून जिगिंगमध्ये रॉड चुकला की बाकी सगळं महाग सामान असून उपयोग होत नाही.

याच नावाशी जोडलेला दुसरा प्रकार म्हणजे जिग हेड: शिशाचं गोल डोकं असलेला गळ, त्यावर रबरी मासा ओवलेला. नाशिककरांनी हा फरक नीट लक्षात ठेवावा, कारण आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे डहाणू-पालघरचा. तिथे किनारा उथळ, खाड्यांचा गाळ, भरती-ओहोटीची ओढ मोठी, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा गढूळ. धातूची जिग माशाला दिसली तरच काम करते. गढूळ पाण्यात जिताडा किंवा रावस शोधायचा तर जिग हेडवरचा रबरी मासा जास्त कामाला येतो, कारण त्याच्या शेपटीची थरथर माशाला जाणवते. रत्नागिरीच्या खाली, मालवण-वेंगुर्ल्याकडे कातळ आणि स्वच्छ पाणी मिळतं, तिथे धातूच्या जिगला खरी धार येते. सुदैवाने २० ते ६० ग्रॅमच्या रॉडवर दोन्ही चालतं.

किनारा आणि बोट यांची ओढाताण

किनाऱ्यावर लांब रॉड का लागतो हे सरळ आहे. जिग फेकताना हात जेवढा फिरतो त्याच्या कितीतरी पट वेगाने रॉडचं टोक फिरतं, आणि टोकाचा वेग म्हणजे जिगचा वेग. लांबी वाढली की अंतर वाढतं. शिवाय कातळावर उभं असताना दोरी समोरच्या लाटांच्या आणि कालवांनी भरलेल्या दगडांच्या वर उचलून धरावी लागते. ब्रेडेड दोरी ताणलेली असताना कालवाच्या कडेला नुसती लागली तरी तुटते. म्हणून खास किनाऱ्यासाठी बनवलेले जिगिंग रॉड नऊ ते साडेदहा फुटांचे असतात.

बोटीवर हीच लांबी अंगावर येते. मासा थेट पायाखाली असतो आणि सगळी ओढ खाली. पाण्याने भरलेली बादली शरीराशी धरली तर सोपी जाते, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, तसंच इथे होतं. आकड्यांत पाहू. रॉडचं बूड काखेत आहे, पुढचा हात बुडापासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि मासा ३ किलोच्या ताणाने खाली ओढतो आहे. वाकलेल्या रॉडचं टोक पुढच्या हातापासून आडव्या अंतराने ८० सेंटिमीटर दूर असेल, तर काखेवर ६ किलोचा रेटा येतो आणि पुढच्या हातावर ९ किलोचा भार. टोक १२० सेंटिमीटर दूर गेलं की काखेवर ९ आणि हातावर १२ किलो. मासा तोच, ताण तोच, फक्त लांबी वाढली. दिवसभर हे करायचं असेल तर फरक पाठीला समजतो. म्हणून बोटीवरचे जिगिंग रॉड साडेपाच ते साडेसहा फुटांच्या आसपास असतात.

मग सात-आठ फुटांचा मधला रॉड म्हणजे दोन्हीकडे अर्धवट, असं नाही का? जगात पुष्कळ ठिकाणी तसंच आहे. जिथे बोट शंभर-दीडशे मीटर खोल पाण्यावर उभी राहते आणि २०० ग्रॅमची जिग खाली सोडावी लागते, तिथे किनाऱ्याचा रॉड नेऊन काही होत नाही. पण कोकणपुढचा समुद्र उथळ आहे. एका दिवसात जाऊन यायच्या टप्प्यात खोली साधारण २० ते ४० मीटर. जिगचं वजन ठरवायचा सोपा ठोकताळा असा की खोली जितके मीटर तितके ग्रॅम, आणि पाण्याला ओढ असेल किंवा वाऱ्याने बोट सरकत असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे ३० मीटरला ३० पासून ६० ग्रॅमपर्यंत. आणि किनाऱ्यावरून आपण फेकतो तीसुद्धा ३०-४० ग्रॅमचीच जिग. दोन्ही ठिकाणची वजनं एकमेकांवर येऊन बसतात, म्हणूनच आपल्याकडे एका रॉडवर भागतं. उद्या अंदमानला जायचा बेत असेल तर हा सल्ला तिथे लागू पडणार नाही.

भरतीच्या तिथीकडेही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते, त्या दिवशी जिग जड लागते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा हलकी जिग पुरते. एकाच वजनाच्या चार जिग घेण्यापेक्षा २०, ३०, ४० आणि ६० ग्रॅमची एकेक घेतलेली बरी.

रॉडवर छापलेलं वाचायचं कसं

मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरांत, रॉडची कुंडली छापलेली असते. एखाद्या रॉडवर असं असेल: ७ फूट ६ इंच, एमएच, ल्यूर (म्हणजे नकली आमिष) २० ते ६० ग्रॅम, पीई १ ते २.५. यातला सर्वात महत्त्वाचा आकडा ग्रॅमचा आणि सर्वात फसवा म्हणजे एमएच.

एल, एमएल, एम, एमएच, एच (लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी) ही ताकदीची अक्षरं. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. पण ही मापं सगळ्या कंपन्यांत सारखी नाहीत, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही नसतात. गोड्या पाण्यातल्या मालिकेतला एम साधारण ७ ते २१ ग्रॅम फेकतो, तर समुद्री मालिकेतला एम ४०-५० ग्रॅमपर्यंत जातो. नुसतं "मीडियम हेवी द्या" म्हणून रॉड मागवला की काय हातात पडेल सांगता येत नाही. ग्रॅम वाचा. औंस लिहिले असतील तर एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, म्हणजे १ ते २ औंसचा रॉड हा आपला २८ ते ५७ ग्रॅमचा रॉड झाला.

ग्रॅमच्या पट्ट्यातही रॉड सगळीकडे सारखा चालत नाही. २० ते ६० लिहिलेला रॉड ३५ ते ४५ ग्रॅमला सर्वात छान वाकतो आणि सुटतो. २० ग्रॅमला तो अर्धवट झोपलेला वाटेल, ६० ला पूर्ण जोर लावून फेकायला मन धजावणार नाही, आणि धजावूही नये.

इथे एक धोका आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. बोटीच्या रॉडवर कधी कधी "जिग १५० ग्रॅमपर्यंत" असं लिहिलेलं असतं. तो आकडा जिग सरळ खाली सोडून खेळवण्याचा आहे, फेकण्याचा नाही. फेकताना त्याच जिगचा झटका रॉडवर कितीतरी जास्त येतो. १५० वाचून कोणी १०० ग्रॅमची जिग डोक्यावरून भिरकावली तर रॉड तुटेल, किंवा दोरी तुटून शिशाचा तुकडा माणसांच्या दिशेने सुटेल. काही चांगल्या कंपन्या फेकायचं आणि सोडायचं वजन वेगवेगळं छापतात. एकच आकडा असेल तर रॉड कुठल्या कामाचा आहे ते विचारून घ्या, आणि शंका असेल तर कमी धरा.

पीई हे ब्रेडेड दोरीच्या जाडीचं जपानी माप आहे, ताकदीचं नव्हे. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे सुमारे ०.२३. आकडा दुप्पट झाला की दोरीच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, व्यास दुप्पट होत नाही. आपल्याकडे विकताना बहुतेक पाउंड लिहितात. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, तेव्हा ३० पाउंडांची दोरी साडेतेरा किलोंच्या आसपास तुटते. दोरी जाड घेतली की सुरक्षित, हा समज जिगिंगमध्ये महागात पडतो: जाड दोरीवर पाण्याची ओढ जास्त, जिग तळाला जायला वेळ लागतो, मग जड जिग लागते, मग रॉड कमी पडतो. या रॉडवर पीई १.५ किंवा २ पुरे.

आता वाकण्याची जागा. ताकद आणि अॅक्शन यांची कायम गल्लत होते. अॅक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो. फास्ट असेल तर वरच्या तिसऱ्या भागात, मॉडरेट असेल तर मध्यापासून, स्लो असेल तर जवळजवळ मुठीपासून. दोन्ही कामांसाठी मॉडरेट फास्ट घ्यावा असं माझं मत आहे. अगदी टोकालाच वाकणारा रॉड जिगला झटका छान देतो, पण मोठा मासा लागल्यावर बाकीचा दांडा ताठच राहतो, आणि मघाचा तो १२० सेंटिमीटरचा हिशेब तुमच्या पाठीवर येतो. मध्यापर्यंत वाकणारा रॉड ताण आला की स्वतःच आखूड होतो, टोक हाताकडे येतं आणि भार कमी होतो. लांब रॉड बोटीवर सुसह्य करणारी गोष्ट हीच.

स्लो पिच नावाचे बारीक, सुंदर जपानी पद्धतीचे रॉड आता स्वस्तात दिसू लागले आहेत. ते मोहात पाडतात. पण ते जिगला रॉडच्या उसळीने खेळवण्यासाठी बनलेले असतात, मासा ओढायचं काम त्यात मुख्यतः रीळ करतं आणि रॉड पाण्याकडे झुकवून ठेवतात. किनाऱ्यावरून जोर लावून फेकायला ते नाहीत. पहिला आणि एकमेव रॉड म्हणून नको.

कार्बन, काच आणि कड्या

स्वस्त रॉडच्या जाहिरातीत सर्वात मोठ्या अक्षरांत कार्बन असतो. ३० टन, ४० टन हे आकडे तंतूच्या ताठपणाचे आहेत, मजबुतीचे नव्हेत. टन वाढले की रॉड हलका आणि चपळ होतो, पण भिंत पातळ होते आणि बोटीच्या कठड्यावर एकदा आपटला की पडलेला चरा पुढच्या माशाला तुटण्याचं निमित्त ठरतो. तीन-चार हजारांच्या रॉडमध्ये २४ ते ३० टनांचा साधा कार्बन, नाहीतर कार्बन आणि फायबरग्लास यांचं मिश्रण जास्त भरवशाचं. मिश्रणाचा रॉड थोडा जड लागतो, पण बोटीवर पडणं-आपटणं, एसटीच्या रॅकवरचे धक्के हे सगळं सोसतो. निव्वळ फायबरग्लासचा मात्र टाळा. तो तुटत नाही हे खरं, पण जिगने तळ गाठला की नाही हे हाताला कळत नाही, आणि तळ कळणं हेच जिगिंगचं अर्धं कसब आहे. दांड्यावर तिरप्या पट्ट्यांची जाळी दिसते ती पीळ रोखण्यासाठी गुंडाळलेली कार्बनची फीत असते. स्वस्त मालात कधी कधी ती नुसती छपाई असते. नखाने चाचपून पाहा.

माझ्या मते पैसे बघायचे ते कड्यांवर, म्हणजे दोरी ज्यातून जाते त्या गाइड्सवर. ब्रेडेड दोरी ताणाखाली सतत घासते आणि कडीच्या आतलं सिरॅमिक हलकं असेल तर त्यावर खाच पडते. मग ती खाच दोरी कापते. अॅल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक चालतं, अल्कोनाइट त्याहून चांगलं, एसआयसी (सिलिकॉन कार्बाइड) या तिघांत सर्वात कठीण आणि महाग. जपानच्या फुजी कंपनीच्या कड्या नावाजलेल्या आहेत, पण "फुजी टाइप" असं लिहिलेलं असेल तर ती फुजी नव्हे एवढं समजून घ्या. चौकट स्टेनलेसची हवी. सात-आठ फुटांच्या रॉडला टोकाची धरून आठ-नऊ कड्या असाव्यात. पाच-सहाच असतील तर रॉड वाकल्यावर दोरी दांड्याला टेकते आणि भार सारखा वाटला जात नाही.

पार्सल आलं की

बहुतेकांचा रॉड कुरियरने येतो, आणि तपासायची संधी पार्सल फोडल्यानंतरच्या अर्ध्या तासात. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून फोडा. आधी दोन्ही तुकडे जोडा, बंदुकीचा नेम धरावा तसा डोळ्याशी धरून बुडाकडून टोकाकडे पाहा: सगळ्या कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. जोडावर बोट ठेवून हलकं हलवा, टकटक जाणवली तर जोड सैल आहे. आत खुंटी असलेल्या जोडात दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहते, ती मुद्दाम ठेवलेली असते, तो दोष नाही.

मग कान कोरायची कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवा. कापसाचा एखादा तंतू कुठे अडकला तर तिथे तडा आहे. डोळ्याला न दिसणारा तडा असा सापडतो. रीळ बसवायची जागा पाहा: रीळ घट्ट बसवून जोराने हलवल्यावर ते तसूभरही हलता कामा नये. प्लॅस्टिकच्या पेचाचे आटे ओबडधोबड असतील तर मिठाच्या पाण्यात ते लवकरच अडकतील.

शेवटची परीक्षा वजनाची. दोरी सगळ्या कड्यांतून ओवा, टोकाला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा आणि रॉड साधारण ४५ अंशांवर धरून बाटली हळूच जमिनीवरून उचला. झटका द्यायचा नाही. एक किलोला चांगला रॉड टोकापासून मध्याकडे एकसारख्या कमानीत वाकतो. कुठे कोपरा दिसला, विशेषतः जोडाच्या वर किंवा खाली, तर रॉड परत करा. तो तिथेच तुटणार. आणि दोरी दोन कड्यांच्या मध्ये दांड्याला घासत असेल तर कड्या कमी आहेत किंवा चुकीच्या जागी बसवल्या आहेत.

मूठही मोजा. बुडापासून रिळापर्यंत ३५ ते ४० सेंटिमीटर हवेत. कमी असेल तर दोन्ही हातांनी फेकता येत नाही, फार जास्त असेल तर बोटीवर काखेत अडकते.

दोन तुकड्यांचा म्हणालो ते आपल्या प्रवासासाठी. साडेसात फुटांचा रॉड दोन सारख्या तुकड्यांत सुमारे ११७ सेंटिमीटरचा होतो, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा बसतो आणि जव्हार घाटातून मोटरसायकलवर पाठीला बांधून नेता येतो. फक्त मुठीपाशी सुटणारा रॉड ताकदीला उत्तम, पण त्याचा वरचा तुकडा लांबच राहतो, बसमध्ये त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे टेलिस्कोपिक रॉड प्रवासाला सोयीचे दिसतात, पण जिगच्या सततच्या झटक्यांनी त्यांचे जोड ढिले होतात, आत वाळू जाते आणि कड्या फिरतात. जिगिंगला ते घेऊ नका. रॉड, रीळ, दोरी, दहा आमिषं असा दीड हजारातला संचही नको. त्यातला रॉड कदाचित दिवस काढेल, रिळाचा ब्रेक (ताण वाढला की दोरी सुटू देणारा ड्रॅग) मात्र पहिल्या ट्रेव्हली माशाला आवळून बसेल.

तीन-चार हजारांची मर्यादा रॉडची ठेवा आणि रीळ, दोरीसाठी वेगळी तजवीज करा. रीळ ४००० मापाचं, स्पिनिंग, साधारण रॉडइतक्याच किमतीचं. दोरी २०० मीटर ब्रेडेड, आणि यात काटकसर करू नका, कारण स्वस्त दोरीवर लिहिलेली जाडी आणि प्रत्यक्ष जाडी यांचा मेळ बसत नाही. पुढे मीटरभर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि जिग यांच्यामधला तुकडा, ३० ते ४० पाउंडांचा. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो चांगल्या प्रतीचा नायलॉनही सुरुवातीला चालतो. सुरमईच्या भागात जात असाल तर लीडरपुढे बोटभर लांबीची स्टीलची तार लावा. सुरमईचे दात तंगूस क्षणात कापतात.

रॉड बहुतेक वेळा माशामुळे तुटत नाही. ब्रेक फार आवळल्याने आणि रॉड फार वर उचलल्याने तुटतो. रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या भागावर ठेवा: ३० पाउंडांच्या दोरीला साधारण साडेतीन किलो. हे अंदाजाने करू नका. भाजीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा दोरीला लावून रॉड न वापरता ओढून पाहा. बोटीवर मासा खाली असताना रॉडचं टोक आडव्या रेषेच्या फार वर नेऊ नका. रॉड उभा केला की सगळा ताण बारीक टोकावर जमतो, मधली जाड कमान मोकळी राहते, आणि वरची वीतभर कांडी मोडते. मासा वर आला की हातजाळीने घ्या. दोरी धरून किंवा रॉडने उचलून बोटीत टाकणं म्हणजे रॉड मोडायची हमी.

हाच रॉड धरणावर चालेल का, असंही विचारतात. मरळीसाठी वापरायचा रबरी बेडूक १०-१५ ग्रॅमचा असतो, २० ते ६० ग्रॅमचा रॉड त्याला नीट वाकणार नाही. मरळ हीच मुख्य आवड असेल तर १० ते ४० ग्रॅमचा सात फुटी रॉड घ्या आणि समुद्रावर ३० ग्रॅमच्या जिगवर समाधान माना. दोन्हीकडे उत्तम, असं होणार नाही.

सराव मात्र नाशिकमध्येच करा, समुद्रावर पहिल्यांदा फेकायला नका जाऊ. कांदे काढून रान मोकळं झालं की तिथे पहाटे, आसपास माणूस-जनावर नसताना, गळ काढून टाकलेली ३० ग्रॅमची जिग फेकत राहा. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागा सोडा. कार्बनमधून वीज वाहते, आणि तारेला टेकलेला रॉड माणसाचा जीव घेऊ शकतो. ढगांचा गडगडाट सुरू झाला की किनाऱ्यावरही रॉड खाली ठेवून दूर व्हा.

धरणांवर मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिथे रॉड नेऊच नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. बोटवाल्याला आधी विचारून मगच जिग सोडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांत कातळावर उभं राहून फेकणंही जिवावर बेतणारं आहे. ऑक्टोबरपासून पाणी निवळू लागतं, तोच आपला हंगाम.

घरी आल्यावर रॉड आणि रीळ नळाच्या हलक्या धारेखाली गोड्या पाण्याने धुवा, जोरात फवारा मारू नका. कड्यांचे पाय आणि रीळ बसवायचे आटे जुन्या टूथब्रशने घासा. जोडाच्या आतल्या टोकाला मेणबत्ती हलकीशी घासून ठेवा, म्हणजे तो घट्टही बसतो आणि अडकतही नाही. पूर्ण सुकल्यावरच पिशवीत घाला, ओला रॉड पिशवीत राहिला की स्टेनलेसच्या चौकटीवरही तांबूस डाग चढतात.